उत्तरायुष्य आणि अपुरे ग्रंथ

ख्रिस्ती मंडळीच्या अगदी आरंभीच्या काळात, जेव्हा तिच्यापाशी मंदिरे नव्हती, द्रव्य नव्हते आणि राजदरबारी मान्यताही नव्हती, तेव्हादेखील तिने एक दप्तर कसोशीने राखले होते, आणि ते वृद्ध विधवांचे होते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात या दप्तराचे नियम आढळतात. साठ वर्षांच्या आतील स्त्रीचे नाव त्यात दाखल करू नये. जिचे दाखल करावयाचे, तिने मुलांचे संगोपन, परक्यांचे आतिथ्य आणि पीडितांचे साहाय्य केलेले असावे, अशी त्यांची व्यवस्था होती. निराधार स्त्रीच्या उदरनिर्वाहाची तजवीज हा या नोंदीचा एक हेतू होता, यात शंका नाही. पण पुढील दोन-तीन शतकांत या विधवांचा स्वतंत्र सेवावर्गच मंडळीत मानला गेला आणि प्रार्थना, रुग्णांची विचारपूस, नवदीक्षित स्त्रियांना उपदेश ही कामे त्यांच्याकडे आली, हे लक्षात घेतले म्हणजे असे दिसते की जिला मंडळीने पोसावयाचे, तिच्याकडूनच मंडळीने सेवेचीही अपेक्षा धरली. वार्धक्य हे ज्या समाजाला केवळ ओझे वाटते, त्या समाजाला असा नियम सुचत नाही.

या नियमाच्या मुळाशी जी श्रद्धा आहे तिचे चित्र लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्याच अध्यायात रेखाटले आहे. बाळ येशूला यरुशलेमच्या मंदिरात आणले तेव्हा त्याला ओळखणारी दोन माणसे आयुष्याच्या उतरणीवर होती: मरणाची वाट समाधानाने पाहणारा शिमोन, आणि मंदिर सोडून कधी न जाणारी, चौऱ्याऐंशी वर्षांचा उल्लेख जिच्या नावापुढे येतो ती विधवा हन्ना. या दोघांनी जे पाहिले ते चाळीस दिवसांचे एक मूल होते. त्या मुलाचे प्रवचन, त्याचे क्रूसावरील मरण आणि त्याचे पुनरुत्थान यांतील काहीही पाहण्याइतके आयुष्य त्यांच्यापाशी उरलेले नव्हते. तरीही त्यांनी आनंद केला. ज्या कार्याची समाप्ती आपल्या हयातीत होणार नाही हे ठाऊक आहे, त्याच्या आरंभावर सर्व भार टाकण्याची ही जी वृत्ती, तिलाच ख्रिस्ती आशा म्हणतात. आणि ती उत्तरायुष्यात जितकी कसाला लागते तितकी तारुण्यात लागत नाही, कारण तरुण माणसाला आपल्या कामाचे फळ आपणच खाऊ असा भरवसा तरी वाटत असतो.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास या दृष्टीने वाचला असता एक विलक्षण गोष्ट नजरेत भरते. या समाजाने मराठी वाङ्मयाला जे मोलाचे ग्रंथ दिले, त्यांतील कित्येक उत्तरायुष्यात हाती घेतलेले, आणि त्यांतलेही अनेक कर्त्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्या कोणी तडीस नेलेले आहेत. नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक, पंडिता रमाबाई आणि जस्टिन अ‍ॅबट या चौघांची अखेरची वर्षे एकत्र ठेवून पाहिली तर हे केवळ योगायोगाने घडले असे म्हणवत नाही.

रेव्हरंड टिळकांचा जन्म १८६१ चा, कोकणातील करजगावचा. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पुढे अहमदनगर ही त्यांची कर्मभूमी झाली, १९०४ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली, आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या जुन्या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. कवी म्हणून कीर्ती, पाळक म्हणून मान, मिशनची पगाराची नोकरी असे सर्व स्थिरस्थावर झालेले असताना, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, १९१७ साली, त्यांनी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि सातारा येथे मुक्काम हलवून ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा संकल्प केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व अनुयायी ज्यात बंधुभावाने एकत्र यावेत, ज्याचा कारभार परदेशी पैशावर चालू नये, आणि ज्याची उपासना भजन-कीर्तनाच्या देशी वळणाने व्हावी, असा तो दरबार होता. या पावलात आपल्या जुन्या आश्रमव्यवस्थेची छाया स्पष्ट आहे. उतारवयात गृहस्थीचे पाश सैल करून बाहेर पडावे हा संस्कार टिळकांच्या रक्तातच होता. मात्र बाहेर पडून ते अरण्यात गेले नाहीत, लोकांत गेले. विरक्ती त्यांनी पूर्वजांकडून घेतली आणि तिला सेवेची दिशा दिली ती ख्रिस्ताच्या आज्ञेने.

दरबाराला अवधी मात्र मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळक निवर्तले. आपल्या देहाचे दहन व्हावे ही त्यांची इच्छा पाळली गेली आणि अस्थी नगरास नेण्यात आल्या. त्यांच्यामागे दरबार विस्कळीत झाला, आणि ख्रिस्तचरित्रावर ओवीबद्ध महाकाव्य रचण्याचा त्यांचा जो मोठा संकल्प होता, त्या ‘ख्रिस्तायना’चे अवघे दहा-अकरा अध्याय लिहून झालेले होते. लौकिक हिशेबाने पाहता टिळकांची अखेरची दोन वर्षे दोन अपुऱ्या कामांची वर्षे ठरतात.

त्यांतील दुसरे काम कोणी पुढे न्यावे? टिळकांच्या मित्रांत कवी होते, पंडित होते, पदवीधर होते. ते नेले लक्ष्मीबाईंनी, ज्यांनी कधी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांची ही मुलगी १८६८ मध्ये जन्मली आणि अकरा-बारा वर्षांची असताना टिळकांच्या घरी आली. पतीने धर्मांतर केले तेव्हा त्या हिंदूच राहिल्या, वियोगाची काही वर्षे त्यांनी सोसली, आणि नंतर स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळेस, त्यांनी ख्रिस्ती दीक्षा घेतली. अक्षरओळख झाली ती पतीच्या हातून. टिळक गेले तेव्हा त्या पन्नाशीच्या पुढे होत्या. त्या काळच्या विधवेपुढे जो मार्ग असे, म्हणजे मुलाच्या संसारात एक कोपरा आणि तोंडाने नामस्मरण, तो त्यांच्यापुढेही मोकळा होता, आणि त्यांनी तो पत्करला असता तर त्यांना कोणीही बोल लावला नसता.

त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले. पतीच्या दहा-अकरा अध्यायांपुढे त्यांनी तब्बल चौसष्ट अध्याय रचले. या आकड्याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. अपुऱ्या ग्रंथाला चार-दोन अध्यायांची पुरवणी जोडून पतीचे ऋण फेडण्याचा उपचार त्यांनी केला नाही. ज्या ग्रंथाचा केवळ पाया घातला गेला होता, त्याची सगळी भिंत आणि छप्पर त्यांनी उभे केले. हे काम चालू असतानाच मुलाच्या नोकरीनिमित्त कराचीचे वास्तव्य झाले, महाराष्ट्र दुरावला, शरीर थकत गेले, पण ओवी थांबली नाही.

आणि याच थकत्या काळात त्यांच्या हातून दुसरा एक ग्रंथ घडला, जो मराठीत अजरामर झाला. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या अवधीत चार भागांत प्रसिद्ध झाली, तेव्हा लक्ष्मीबाईंचे वय सहासष्टच्या पुढे होते. मुलगा देवदत्त याने आग्रह धरला नसता तर कदाचित हा ग्रंथ झालाच नसता. पण जे लिहिले गेले त्यात अंगणातली भाषा आहे, सोवळ्याच्या छळाचे वर्णन करतानाही द्वेष नाही, आणि तऱ्हेवाईक, उदार, संतापी, देवभोळ्या पतीवरचे प्रेम त्याचे दोष न लपविता सांगण्याचे धैर्य आहे. वय झाल्यावर मागे वळून पाहणारे पुष्कळ असतात. ज्याच्या मनात कोणाबद्दलही कडवटपणा उरलेला नाही असा मागे वळून पाहणारा विरळा. ही निर्मळता आली कोठून, याचे उत्तर लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेत आहे. क्षमा केलेली असल्यामुळे त्यांना आठवणींचे भय राहिले नव्हते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचा अंत झाला. ‘ख्रिस्तायन’ छापून बाहेर पडले ते १९३८ मध्ये. ज्याने आरंभ केला त्याने ते पाहिले नाही, आणि जिने शेवटास नेले तिनेही ते ग्रंथरूपात पाहिले नाही.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्याचा पूर्वार्ध महाराष्ट्राला बराच परिचित आहे: अनंतशास्त्री डोंगऱ्यांची कन्या, कलकत्त्यात मिळालेली ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ही बिरुदे, अल्पकाळाचा विवाह आणि वैधव्य, १८८३ मधील वाँटेज येथील बाप्तिस्मा, १८८९ मध्ये मुंबईत स्थापन झालेले शारदासदन. पुढे दुष्काळात उघड्या पडलेल्या मुलींना व बायकांना त्यांनी केडगावच्या माळावर आश्रय दिला आणि ‘मुक्ती’चा संसार सुमारे दोन हजारांच्या घरात गेला, हेही अनेकांना ठाऊक असते. पण त्यांच्या अखेरच्या दीड-दोन दशकांविषयी आपले ज्ञान तोकडे आहे. सार्वजनिक सभा, वृत्तपत्रांतील वाद, सुधारकांचा सहवास यांपासून त्या दूर गेल्या म्हणून त्या संपल्याच असे पुण्या-मुंबईच्या विद्वज्जनांनी मानले, आणि इतिहासकारांनीही पुष्कळ काळ तीच री ओढली.

वास्तविक त्याच काळात त्यांनी आयुष्यातील सर्वांत कठीण विद्याव्यासंग आरंभिला होता. १९०५ च्या सुमारास, म्हणजे पंचेचाळिशी उलटून गेल्यावर, संपूर्ण बायबलाचे मूळ भाषांवरून मराठीत नवे भाषांतर करण्याचे त्यांनी ठरविले, आणि त्यासाठी हिब्रू व ग्रीक या भाषांचे अध्ययन केले. मराठी बायबल तोपर्यंत नव्हते असे नाही. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांपासून अनेकांनी ते काम केले होते. पण प्रचलित भाषांतराची भाषा केडगावातील शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या मुलींना समजत नाही, आणि त्यातील कित्येक संस्कृत शब्दांबरोबर वेदान्ताचे अर्थ नकळत आत शिरतात, असे त्यांचे मत झाले होते. संस्कृत विद्येच्या बळावर जिने कलकत्त्याच्या पंडितांना चकित केले, तिनेच खेड्यातील निरक्षर बाईसाठी संस्कृताचा भार उतरवून मराठी लिहावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. विद्वत्तेची परमावधी ती दुसऱ्याच्या ओंजळीत मावेल इतकी साधी करण्यात आहे हे त्यांना उमगले होते.

या ग्रंथाची छपाईही केडगावातच झाली. आश्रमाच्या छापखान्यात मुली खिळे जुळवीत, छपाई आणि बांधणी करीत. दुष्काळात रस्त्यावर मरावयाच्या ज्या मुली इथे आल्या होत्या त्यांच्या बोटांनी या बायबलाची पाने जुळविली. इकडे रमाबाईंना ऐकू येईनासे झाले होते, प्रकृती खालावत होती, आणि आश्रमाचा कारभार ज्या एकुलत्या एका कन्येवर सोपवावयाचा, ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये, वयाच्या चाळिशीत, आईच्या डोळ्यांदेखत गेली. वृद्धापकाळी अपत्याचा मृत्यू म्हणजे मनुष्याच्या आशेवरचा शेवटचा घाव. त्यानंतर जेमतेम आठ महिने रमाबाई जगल्या आणि त्या अवधीत मुद्रिते तपासण्याचे काम त्यांनी चालूच ठेवले. अखेरची मुद्रिते पुरी होईतो आयुष्य मिळावे अशी त्यांनी प्रार्थना केली आणि ती पूर्ण झाल्यावरच प्राण सोडला, असे केडगावच्या परंपरेत आजही सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी, चौसष्टावे वर्ष पुरे होण्यास थोडे दिवस असताना, त्या निवर्तल्या. संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले १९२४ मध्ये.

चौथे नाव एका अमेरिकन गृहस्थाचे आहे, पण त्याला परका म्हणणे कठीण जाते. जस्टिन एडवर्ड्स अ‍ॅबट यांचा जन्म १८५३ मध्ये अमेरिकेत झाला. मात्र त्यांचे आईवडील नगरच्या अमेरिकन मिशनचे, त्यामुळे मराठी त्यांच्या घरातच होती. शिक्षण पुरे करून १८८१ मध्ये ते मुंबईस मिशनरी म्हणून आले आणि एकोणतीस वर्षे सेवा करून १९१० मध्ये मायदेशी परतले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त अ‍ॅबटसाहेबांचा उल्लेख आढळतो, तो या मुंबईच्या दिवसांचा. सत्तावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेल्या मिशनऱ्याने न्यू जर्सीतील समिट गावी शांतपणे कालक्रमणा करावी अशीच सर्वांची अपेक्षा असणार. त्यांनी पुन्हा मराठी पोथ्या उघडल्या.

१९२६ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्रातील संतकवींची इंग्रजी ग्रंथमाला सुरू केली. पहिला ग्रंथ भानुदासावर, पुढच्या वर्षी एकनाथावर. मग भिक्षुगीता, दासोपंत दिगंबर, बहिणाबाई, स्तोत्रमाला, तुकाराम, रामदास, असे जवळजवळ दरसाल एक याप्रमाणे ग्रंथ येत गेले. लेखक समिट येथे, छापखाना पुण्यात, आणि मदतीस पंडित नरहर गोडबोले. समुद्रातून टपालाची पिशवी येण्या-जाण्यास आठवडे लागत असलेल्या त्या काळात हा व्यवहार किती चिकाटीचा असेल हे सांगावयास नको. तुकोबांची शिष्या बहिणाबाई हिचे आत्मचरित्रपर अभंग इंग्रजी वाचकांपुढे आले ते १९२९ च्या अ‍ॅबट यांच्या ग्रंथामुळे. आणि स्त्रीने स्वतःची कथा स्वतः सांगितल्याचा तो जुना पुरावा आज जगातील अभ्यासक वापरतात.

अ‍ॅबट हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते आणि अखेरपर्यंत तसेच राहिले. तथापि ज्या लोकांत आपण आयुष्य वेचले त्यांच्या देवभक्तीचा खराखुरा परिचय आपल्या देशबांधवांना करून द्यावा, खंडन न करता ती भक्ती तिच्याच शब्दांत बोलू द्यावी, हे त्यांनी आपल्या सेवेचे अखेरचे कर्तव्य मानले. ज्याला आपल्या प्रभूवर पूर्ण भरवसा आहे त्याला दुसऱ्याची भक्ती पाहून धास्तावण्याचे कारण उरत नाही, हे त्यांच्या ग्रंथांवरून कळते. जून १९३२ मध्ये ते वारले. महिपतीच्या ‘भक्तिविजया’चे भाषांतर त्यांच्या मागे १९३३-३४ मध्ये बाहेर आले, ते गोडबोले आणि ‘ज्ञानोदया’चे संपादक जे. एफ. एडवर्ड्स यांच्या परिश्रमाने. राहुरी तालुक्यातील ताहाराबादचा हा महिपतीही, आयुष्यभर संतचरित्रे लिहून, ‘संतविजय’ अपुरा ठेवूनच गेला होता. तेव्हा अपुरे सोडून जाण्याची ही परंपरा काही एकाच धर्माच्या मालकीची नाही, असे म्हणावे लागते.

या चौघांच्या उत्तरायुष्यातून काय निष्पन्न होते? पहिली गोष्ट ही की आयुष्यभराच्या सरावातले काम वाढवीत नेणे त्यांनी पुरेसे मानले नाही. कवीने नवा संघ काढला, अशिक्षित विधवेने महाकाव्य लिहिले, आश्रमाच्या चालिकेने हिब्रूचा अभ्यास केला, निवृत्त उपदेशकाने संतांच्या ओव्या उलगडल्या. दुसरी गोष्ट, दुःखाने त्यांना निकामी केले नाही. वैधव्य, अपत्यवियोग, बधिरता, परदेशवास यांपैकी काही ना काही प्रत्येकाच्या वाट्यास आले, आणि सेवा त्यातूनच चालू राहिली. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की त्यांनी काम दुसऱ्याच्या हाती जाईल हे गृहीत धरले. टिळकांना लक्ष्मीबाई मिळाल्या, लक्ष्मीबाईंना देवदत्त, रमाबाईंना खिळे जुळविणाऱ्या मुली, अ‍ॅबट यांना गोडबोले आणि एडवर्ड्स. पुनरुत्थानावर विश्वास असलेल्या माणसाला आपले नाव ग्रंथाच्या शेवटच्या पानावर असलेच पाहिजे असा हट्ट धरावा लागत नाही.

या कामांना मिळालेल्या यशाचे मोजमाप येथे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. देवाचा दरबार टिकला नाही. रमाबाईंचे बायबल मंडळ्यांच्या नित्य उपासनेत रूढ झाले नाही. जुनीच भाषांतरे आणि त्यांच्या सुधारित आवृत्त्या चालू राहिल्या. ‘ख्रिस्तायन’ आज वाचणारे थोडे. अ‍ॅबट यांचे ग्रंथ विद्वानांच्या कपाटांत आहेत. ‘स्मृतिचित्रे’ एवढेच सर्वांचे झाले, आणि ते लिहिताना लक्ष्मीबाईंना तशी कल्पनाही नसावी. म्हणून या सेवेची किंमत तिच्या यशावरून ठरवावयाची नाही. यश हाती नसताना शेवटच्या दिवसापर्यंत काम करता येते, आणि ते समाधानाने करता येते, एवढे त्यांनी सिद्ध केले. आणि हे सिद्ध होणे समाजाला कोणत्याही एका ग्रंथापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

आज आपल्या मंडळ्यांतून, आणि मंडळ्यांबाहेरही, वृद्धांच्या प्रश्नाचा विचार होतो तो बहुधा निवृत्तिवेतन, औषधपाणी आणि निवारा एवढ्यापुरता. हे सर्व अवश्य हवे. त्याची हेळसांड करणारा समाज अधर्मी आहे. पण पहिल्या शतकातील त्या दप्तराने वृद्ध विधवेचे नाव लिहून घेताना तिच्या भाकरीबरोबर तिच्या कामाचीही दखल घेतली होती, आणि आपण भाकरीपाशीच थांबलो आहोत. निवृत्त शिक्षक, परिचारिका, पाळक, बायबल-बाई म्हणून खेडी पालथी घालून आलेल्या स्त्रिया यांच्यापाशी भाषा आहे, आठवणी आहेत, जुन्या भजनांच्या चाली आहेत. त्या लिहून घेण्याचे, शिकविण्याचे, मुलांना सांगण्याचे काम त्यांच्याकडे जबाबदारीने सोपवावे. आणि जे तरुण आहेत त्यांनी थोरांचे एखादे अपुरे राहिलेले काम शोधून ते आपल्या अंगावर घ्यावे. चौसष्ट अध्याय लिहिण्याचे सामर्थ्य प्रत्येकात नसेल. एक अध्याय लिहिण्याचे पुष्कळांत असते.